अक्षरजुळणी

निवृत्ती हनमंते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी गणितात नापास झाला, तो गणित येत नव्हतं म्हणून नव्हे. हैदराबादच्या मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत तो गणितात पहिला असायचा. कॉलेजात फळ्यावरचं त्याला कळायचं, पण पेपरात काय विचारलंय तेच कळायचं नाही. 'डिफरन्शिएट' म्हणजे फरक सांगा, असं समजून त्यानं दोन फलांमधला, म्हणजे फंक्शन्समधला, फरक लिहून ठेवला होता. तपासणाऱ्यानं त्यापुढं लाल शाईनं एक मोठं उद्गारचिन्ह काढलं होतं.

वडील नांदेडकडून येऊन रेल्वेत खलाशी म्हणून लागलेले. घरात विचारावं असं कुणी नव्हतं. तो पुन्हा बसला, पास झाला, एम.एस्सी. झाला आणि नामपल्लीतल्या एका सायंकाळच्या कॉलेजात गणित शिकवू लागला. तिथं दिवसभर कुठं ना कुठं राबून आलेली पोरं असत. देगलूर, उदगीर, अहमदपूर अशा गावांहून आलेलीही बरीच. तास संपला की ही पोरं मागं रेंगाळत, आणि मग निवृत्ती तेच सगळं मराठीत सांगायचा. "लिमिट म्हणजे गावाची शीव समज. शिवेच्या जवळ जवळ जात राहायचं. शीव ओलांडायची गरज नाही, पण किती जवळ जाता येतं ते मात्र बघायचं." पोरांचे चेहरे उजळायचे. त्यातूनच त्याच्या मनात पुस्तकाचं आलं. कलनशास्त्राचं, म्हणजे कॅल्क्युलसचं पुस्तक, पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी, मराठीत. इंग्रजी शब्द शेजारी ठेवलेले, पण समजावणं सगळं आपल्या बोलीतलं.

लिहायला काही वर्षं गेली. मग तो हस्तलिखित घेऊन लातूरला दत्तोबा बिडव्यांकडे गेला. दत्तोबा कॉलेजची पुस्तकं छापायचे. माणूस व्यापारी, पण सरळ बोलणारा. त्यांनी पानं चाळली आणि सांगितलं, की पुस्तक चांगलं दिसतंय, पण हे जुळवणार कोण? आमचा डीटीपीवाला अपूर्णांक मोडतो, मुळाचं चिन्ह एकीकडं आणि आतला आकडा दुसरीकडं. छपाईला तयार पानं तुम्ही आणून द्या, मी छापतो.

हैदराबादच्या कोटी भागातल्या दोन-तीन डीटीपीवाल्यांनी निवृत्तीचं हस्तलिखित बघून हात जोडले. एकजण म्हणाला, "मराठी कर देता साब, हिसाब कर देता. दोनों एक साथ नक्को." तेव्हा त्याला कुलदीप पवार आठवला. कुलदीप त्याच्याच हाताखालून शिकून गेलेला, आता तार्नाक्याच्या बाजूला एका संशोधन संस्थेत होता. एका रविवारी त्यानं सरांना संस्थेत नेलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"याला लाटेक म्हणतात, सर. लिहिताना शेवटी एक्स असतो, पण म्हणायचं लाटेक."

निवृत्तीला वाटलं होतं टाइपरायटरसारखं काही असेल. पण इथं पडद्यावर पान दिसतच नव्हतं. काळ्या पडद्यावर साधी अक्षरं आणि मधूनच उलट्या तिरक्या रेघा. कुलदीपनं समजावलं, की अक्षर किती मोठं, रेघ कुठं, हे आपण सांगायचंच नाही. आपण फक्त सांगायचं की हे शीर्षक आहे, हे प्रमेय आहे, हा अपूर्णांक आहे, वर हे, खाली ते. कुठं कसं बसवायचं ते तो बघतो. प्रमेयांचे आकडेही तोच घालतो. मधे एखादं नवं प्रमेय घुसडलं तर पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. मग त्यानं फाइल चालवली, छापून काढली आणि कागद सरांच्या हातात दिला. निवृत्तीनं स्वतः दोन बोटांनी टाइप केलेला एक संकल, म्हणजे इंटिग्रल, तिथं होता, परदेशी पुस्तकात असतो तसा, डौलदार, खालची-वरची मर्यादा जागच्या जागी. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. कुलदीप सांगत होता, की अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाला स्वतःचं पुस्तक नीट छापून मिळेना, म्हणून त्यानं हे सगळं मूळ काम केलं आणि जगाला फुकट वाटलं. निवृत्तीला त्या न पाहिलेल्या माणसाविषयी एकदम जवळीक वाटली.

मराठीसाठी आणखी एक युक्ती होती. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचे, णसाठी एनच्या आधी टिंब, टसाठी टीच्या आधी टिंब, असे नियम पाळायचे. एक छोटा प्रोग्राम त्याची देवनागरी करून देई. कुलदीपनं सगळं फ्लॉप्यांवर भरून दिलं. निवृत्तीनं एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि अंबरपेठेतल्या घरात शिवणयंत्राशेजारी मांडला. बायको रंजना म्हणाली, आता या घरात शिवणारी दोघं झाली.

पण खरी शिकली ती मुलगी, दीपमाला. बी.एस्सी.ला होती, इंग्रजी शाळेत शिकलेली. बोलायची मराठी, तेलुगू, दक्खनी सगळं मिसळून, आणि मराठी वाचायची तर अडखळत, बोट ठेवून. निवृत्तीला ते आत कुठंतरी लागायचं, पण शाळा त्यानंच निवडली होती. आता मात्र उलटंच झालं. बाबा हस्तलिखितातून वाचून दाखवायचे आणि ती रोमन अक्षरांत सटासट मराठी उतरवायची. जोडाक्षरं, अनुस्वार, सगळं. मग छापून आलेलं पान ती समोर धरायची, आपण काय टाइप केलं ते तिला पाठ असायचं, त्यामुळे वाचता यायचं. असं करता करता ती मराठी वाचायला शिकली, तीही कलनशास्त्राच्या पुस्तकावरून.

सुरुवातीला चुकांनी जीव नकोसा केला. निवृत्ती महिरपी कंस उघडायचा आणि बंद करायला विसरायचा. एकदा अख्खं प्रकरण ठळक अक्षरांत आलं, एकदा सगळं आडवं कललेलं. प्रोग्राम मधेच अडायचा आणि एक प्रश्नचिन्ह टाकून गप्प बसायचा. निवृत्ती परेशान व्हायचा. दीपमाला हसायची, मागून वाकून बघायची आणि नेमका हरवलेला कंस शोधून द्यायची. "बाबा, तुम्ही शिकवताना एकही पायरी सोडत नाही, आणि इथं दार उघडं टाकून निघून जाता." सकाळी कॉलेज नसल्यामुळे निवृत्ती मोकळा असायचा, तिचे तास दुपारी असायचे. ती दोन वर्षं त्या दोघांची फार चांगली गेली.

पानं तयार झाली. कोटीतल्या दुकानात लेसर प्रिंटरवर सगळं पुस्तक काढलं तेव्हा दुकानदारानं शेजारच्याला बोलावून दाखवलं. निवृत्ती लातूरला गेला. दत्तोबांनी पानं हातावर घेतली, उजेडात धरली, खुश झाले. मग गल्ल्यामागची खुर्ची पुढं ओढून म्हणाले, की एक गोष्ट आहे. पुस्तक विकलं जायचं तर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची शिफारस पाहिजे. मंडळावर प्राध्यापक अविनाश निटूरकर आहेत. तुम्ही आधी पाठवलेली पहिली काही पानं त्यांनी पाहिलीत, आवडलीत. पण हैदराबादच्या रात्रीच्या कॉलेजातल्या माणसाचं एकट्याचं पुस्तक मंडळात पुढं सरकणार नाही. निटूरकर सरांचं नाव वर घालू, ते प्रस्तावना लिहितील, तुमचं नाव खाली. पुस्तक दोघांचं.

निवृत्ती परतीच्या बसमध्ये उदगीर येईपर्यंत स्वतःशी भांडला आणि बिदर येईपर्यंत स्वतःची समजूत काढली.

घरी सांगितल्यावर दीपमाला खुर्चीवरून उठली.

"हे नाव मी टाइप करणार नाही, बाबा."

"पोरांच्या हातात पुस्तक पडायला पाहिजे, दीपा. वर कुणाचं नाव आहे ते पोरं बघत नाहीत."

"पोरं तेवढंच बघतात," ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली. निवृत्तीनं पहिली फाइल उघडली. प्रोग्रामला लेखकाचं नाव सांगणाऱ्या आज्ञेपुढच्या कंसात आधी निटूरकर टाइप केलं, मग 'आणि', मग स्वतःचं नाव. या वेळी कंस बंद करायला तो विसरला नाही.

पुस्तक निघालं आणि चाललं. निटूरकरांची प्रस्तावना दीड पानाची होती, तीत मातृभाषेतून ज्ञान देण्याविषयी बरंच काही होतं. मराठवाड्यातल्या कॉलेजांनी पुस्तक लावलं. निवृत्तीकडे प्रती आल्या, त्यानं कुलदीपला एक दिली, अफझलगंजच्या सरकारी वाचनालयात एक दिली, मराठीच्या कपाटात ती नीट लावली जाते की नाही ते उभं राहून बघितलं. वर्षभरानं उदगीरकडचा एक नवा पोरगा सायंकाळच्या वर्गात आला. तास संपल्यावर त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "सर, आमच्याकडं निटूरकरांचं एक मराठी पुस्तक हाय. लई सोपं करून सांगितलंय. तुमी अगदी तसंच शिकवता. वाचलंय का तुमी ते?"

"वाचलंय," निवृत्ती म्हणाला.

त्यानं हे घरी सांगितलं नाही. दीपमालेला तर नाहीच. तिला तोवर बेगमपेठेत नोकरी लागली होती. बाहेरच्या देशांतली शास्त्रीय मासिकं इथं जुळवून पाठवायची कंपनी होती ती. असल्या कंपन्या तेव्हा शहरात एकामागून एक उघडत होत्या. मुलाखतीत तिला विचारलं, लाटेक कुठं शिकलात? ती म्हणाली, घरी. आता ती दिवसभर जर्मनांची आणि इंग्रजांची समीकरणं बसवायची आणि दमून यायची. लेखकाच्या नावातलं एक टिंब चुकलं तरी तिथून पत्र येतं, असं ती एकदा जेवताना म्हणाली. मग तिनं बाबांकडे बघितलं आणि विषय बदलला.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी दत्तोबांनी दुरुस्त्या मागितल्या. निटूरकरांनी मागच्या परीक्षांचे प्रश्न गोळा करून पाठवले होते, तेही घालायचे होते. निवृत्तीनं एकट्यानं सगळं केलं, नवी पानं काढली आणि पाठवून दिली. दत्तोबांनी कळवलं की मुखपृष्ठ आणि पहिली पानं या वेळी आम्हीच लातूरला करतो, तुम्हाला तेवढाच त्रास कमी.

प्रत टपालानं आली. रंजनानं पाकीट फोडून पुस्तक त्याच्या हातात दिलं. मुखपृष्ठावर एकच नाव होतं. त्यानं उघडून पाहिलं, आतही एकच. मग जिथं मुद्रकाचं नाव, पत्ता आणि किंमत असते त्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत त्याला आपलं नाव दिसलं.

अक्षरजुळणी : निवृत्ती हनमंते, हैदराबाद.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो इमलीबनच्या अड्ड्यावरून लातूरच्या बसमध्ये बसला. दत्तोबा दुकानात होते. त्यांनी नजरेला नजर दिली नाही. म्हणाले, सरांनीच मजकूर पाठवला, मी छापणारा माणूस. निवृत्ती तसाच निटूरकरांच्या घरी गेला. आजवर दोघं समोरासमोर भेटलेच नव्हते. निटूरकर दारापर्यंत आले, हात धरून आत नेलं, चहा सांगितला. उंच, पिकल्या केसांचे, आवाज मऊ. निवृत्तीनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ते पान उघडलं.

"नाव आहे की तुमचं," निटूरकर म्हणाले.

"मी लिहिलंय हे पुस्तक, सर."

निटूरकर रागावले नाहीत. शांतपणे समजावत राहिले. मंडळात नवे लोक आलेत, ते विचारत होते की हे दुसरे कोण, कुठल्या विद्यापीठाचे, डॉक्टरेट आहे का. पुस्तकाची शिफारसच जायची वेळ आली होती. तेव्हा मी सांगून टाकलं, की लेखन माझं, हनमंत्यांनी जुळणी केली. पुस्तक वाचवलं मी. तुम्हालाही पुस्तकच हवं होतं ना? प्रस्तावनेत तुमचे आभार मानलेत, ते तुम्ही पाहिलेले दिसत नाहीत.

चहा आला. निवृत्तीनं कप उचलला नाही.

"आणि खरं सांगू का," निटूरकर पुढं वाकून म्हणाले, "तुमच्या लोकांत इतकं स्वच्छ काम करणारा माणूस मी पाहिला नाही. माझं सदिश बीजगणितावरचं पुस्तक येतंय पुढच्या वर्षी. जुळणी तुमच्याकडेच देणार आहे मी."

ते मनापासून बोलत होते, हेच निवृत्तीला सहन झालं नाही. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. तो उठला, चपला घातल्या, आणि बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पुस्तक टेबलावरच राहिलं. परत आत जावंसं वाटलं नाही.

त्यानं विद्यापीठाला दोन पत्रं लिहिली. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. कुलदीप म्हणाला वकील बघू. निवृत्ती म्हणाला, मी स्वतःच्या हातानं त्यांचं नाव वर टाइप केलंय, वकील काय करणार.

मग अभ्यासक्रम बदलला. दोन प्रकरणं नवी घालायची, तीन गाळायची, क्रम फिरवायचा. लातूरच्या डीटीपीवाल्यानं जुन्या पुस्तकावरून पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला, पण अपूर्णांकांचे तुकडे झाले. आणि नवी प्रकरणं लिहिणार कोण, हा प्रश्न होताच. निटूरकर तोवर मंडळाचे अध्यक्ष झाले होते. ते म्हणाले, हनमंत्यांकडून करून घ्या. म्हणून एका रविवारी सकाळी दत्तोबा स्वतः अंबरपेठेत आले. दीपमालेला सुट्टी होती, तिनंच पाणी दिलं. दत्तोबा थकलेले दिसत होते. म्हणाले, चुकलं माझं, मी तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं. आता एक करू, सहलेखक म्हणून तुमचं नाव पुन्हा घालतो, सरांना मी मनवतो. नाही मानले तर निदान फाइली द्या, दुसरा कुणी तरी बसून करील. पोरं पुस्तक मागतात हो. जुन्या प्रती संपल्या.

"एकट्याचं नाव घालाल?" निवृत्तीनं विचारलं.

दत्तोबा जमिनीकडे बघत राहिले. "ते अध्यक्ष आहेत," एवढंच म्हणाले.

"मग फाइली नाहीत. डिस्क खराब झाली. सगळं गेलं."

दत्तोबांना ते खरं वाटलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. दीपमाला खिडकीशी उभी होती. कॉम्प्युटर तिच्या शेजारीच होता, चालू, आणि त्यात काय आहे ते तिला अक्षरन् अक्षर माहीत होतं.

"खोटं बोललात, बाबा."

"हो."

"नवं करून आपण छापू. मी जुळवते. माझ्या पगारातून छापू."

"शिफारस नसलेलं पुस्तक कोण ठेवणार दुकानात? घरात गठ्ठे लावून ठेवायचे का?"

"मग त्यांना देऊन टाका. वर कुणाचं का नाव असेना. तुम्हीच म्हणाला होतात ना, पोरांच्या हातात पडायला पाहिजे."

"पोरांसाठी एकदा नाव दिलं, दीपा. आता माझ्याजवळ द्यायला दुसरं नाव नाही."

तिला ते पटलं होतं, आणि नव्हतंही. पण निवृत्तीला स्वतःला ठाऊक होतं की आपण बोललो ते अर्धंच खरं आहे. त्या रविवारनंतर त्यानं स्वतःला कैकदा तपासून बघितलं. आपलं पुस्तक जगावं ही इच्छा आत शिल्लक आहे का, म्हणून चाचपून बघितलं. सापडली ती वेगळीच गोष्ट. निटूरकरांचं पुस्तक आता निघणार नाही, याचं सुख. ते सुख इतकं घट्ट बसलं होतं, की ते काढायचं म्हटलं तर बरोबर बाकीचंही काही निघून येईल अशी त्याला भीती वाटायची.

पुस्तक बाजारातून संपलं. मंडळानं एका इंग्रजी पुस्तकाची शिफारस केली आणि पोरं गाइडं वापरायला लागली. दीपमालेची कंपनी मोठी झाली, तिला चेन्नईच्या ऑफिसात बढती मिळाली. जाताना तिनं आईला फोनची, औषधांची, गॅसची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. बाबांच्या पाया पडली. पूर्वी सुट्टीच्या दिवशी ती एखादं अडलेलं समीकरण बाबांना दाखवायची. चेन्नईहून येऊ लागल्यावर तिनं तसं काही आणलं नाही, आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

पुढं एके दिवशी कुलदीपनं लातूरचं एक मराठी वर्तमानपत्र आणून दिलं. निटूरकर निवृत्त झाले होते आणि त्यांचा मोठा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. बातमीत लिहिलं होतं, की मराठवाड्यातल्या हजारो विद्यार्थ्यांना मातृभाषेतून कलनशास्त्र शिकवणारे, गाजलेल्या ग्रंथाचे लेखक. ग्रंथ आता मिळत नसल्याबद्दल एका वक्त्यानं हळहळ व्यक्त केली होती, त्यामुळे तर निटूरकर आणखीच मोठे दिसत होते. निवृत्तीनं बातमी पुन्हा वाचली. पुस्तक मारून त्यानं निटूरकरांचं काहीच घेतलं नव्हतं. गेलं होतं ते पोरांचं, आणि थोडं दीपमालेचं.

रंजनानं विचारलं, काय आलंय पेपरात? तो म्हणाला, काही नाही, एकजण रिटायर झाला.

संध्याकाळी तो कॉलेजात गेला. तास घेतला. संपल्यावर मागच्या बाकावरची दोन पोरं रेंगाळली, बोलण्यावरून देगलूरकडची वाटत होती. एकानं वही पुढं केली आणि म्हणाला, सर, हे आज जे सांगितलं ते जरा मराठीत सांगता का.

"परीक्षा इंग्रजीत आहे," निवृत्ती म्हणाला. "इंग्रजीतच समजून घ्यायची सवय करा."

त्यानं फळा पुसला आणि दिवा बंद करून तो पोरांच्या आधी बाहेर पडला.